शालीखालचा हात

युनूसभाई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी रडलो नाही. विचारलं, "कोणी सांगितलं?"

ही त्यांचीच शिकवण.

मग त्यांच्या मुलीला फोन लावला. बातमी खरी होती.

दुपारपासून त्यांचा एक फोटो फिरतोय. परदेशातला लांबलचक कॉरिडॉर, युनूसभाई, समोर सूटवाला माणूस आणि दोघांच्या हातांवर एक शाल. टाकणारा त्याच सूटवाल्याच्या कंपनीतला. वर लिहिलंय, "आमचे जुने मित्र."

मित्र? कधीपासून?

म्हणून लिहायला बसलोय.

दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ युनूसभाईंचं सायबर कॅफे होतं. तिथूनच त्यांनी 'नेट पंचायत' नावाचा ऑनलाइन ग्रुप सुरू केला. दारव्हा, राजूर, मुकुटबन, सगळीकडची माणसं त्यात होती.

कापसाचे वाईट दिवस होते ते. बोंडअळीनं कंबर मोडलेली, त्यात फोनवर मेसेज यायचे, "उद्यापासून भाव पडणार, आजच विका." लोक घाईघाईनं गाड्या भरायचे, मिळेल त्या भावात माल द्यायचे. आणि दुसऱ्या दिवशी भाव होता तिथेच!

हे मेसेज कोण सोडत होतं, याचा अंदाज तुम्हालाही असेल.

पंचायतीत रीत साधी होती. कोणी काहीही टाकलं की आधी विचारायचं, कोणी सांगितलं? मग विचारायचं, यात त्याचा काय फायदा? सख्ख्या भावाचा मेसेज असला तरी सुटका नाही.

युनूसभाई माणूस इतका संशयी, की कोणी स्वतःहून चहा पाजला तरी आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा.

"गजू, फुकट देणारा आपला मामा लागत नाही," मला म्हणायचे.

आणि मग खरंच एक मामा आला. एक कंपनी गावोगावी फुकट इंटरनेट देणार होती. पण उघडणार त्यांनी ठरवलेल्याच साइट. कापसाचा भावही त्यांच्याच अ‍ॅपवर बघायचा.

"म्हंजे भाव काय हाये ते बी तेच सांगतीन," शोभाताई म्हणाल्या. शोभाताई मुकुटबनच्या शिक्षिका, ग्रुपमधल्या सगळ्यात तिखट.

पंचायतीनं ठरवलं, नको.

त्याच सुमारास इंटरनेटचे नियम कोणी आणि कसे करायचे, यावर जगभरच्या लोकांची मीटिंग होती. आपल्या भागाचा माणूस म्हणून युनूसभाईंना बोलावणं आलं. तिकीट आयोजकांचं आहे, हे त्यांनी स्वतःच ग्रुपवर टाकलं. आम्ही शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. नारळ घरी राहिला, शाल थंडीसाठी सोबत गेली.

आणि मीटिंग सुरू असतानाच हा फोटो आमच्या ग्रुपवर येऊन पडला. कोणी पाठवला? नंबर अनोळखी.

बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसणार नाही. पण आमच्या बैलबाजारात सौदा कसा होतो माहीत आहे ना? दोघं हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. युनूसभाईंचे अब्बा त्याच बाजारातले नावाजलेले दलाल.

आणि इथं शाल. खाली दोन हात. समोर त्याच फुकट इंटरनेटवाल्या कंपनीचा माणूस.

"इकलं आपल्याले!" राजूरहून एकानं लिहिलं. ग्रुप पेटला. माझ्याही मनात पाल चुकचुकली.

शोभाताईंनी सरळ विचारलं, "युनूसभाई, शालीखाली काय ठरलं?"

उत्तर आलं, "ताई, बराबर इचारलं. तो मले कॉरिडॉरमधी भेटला. म्हणे, तुमचा ग्रुप हो म्हणन, त्याले काय लागते? मी आपली शाल टाकली दोघायच्या हातावर. म्हटलं, आमच्याकडं हे असं इचारतेत. आता शाल काढून माइकवर इचार. तो हासला. त्याच्या माणसानं तेवढाच फोटो काढला."

खाली अजून एक ओळ होती. "पण माह्या बोलण्यावर भरोसा ठेवू नका. मीटिंगचं रेकॉर्डिंग हाये, ते आयका."

आम्ही ऐकलं. भर सभेत त्यांचा तो खर्जातला आवाज. "हमारे यहाँ बैल का सौदा कपडे के नीचे होता है. इंटरनेट का मत करो. हमारी पंचायत का जवाब, ना."

मला हायसं वाटलं. शोभाताईंना नाही.

"हे माइकवरचं झालं. शालीखालचं रेकॉर्डिंग कुठं हाये?"

युनूसभाईंचं उत्तर आलं. "नाही हाये, ताई. म्हणून आता पंचायत तुम्ही सांभाळा. ज्याचा हात कपड्याखाली गेला त्यानं पुढं बसू नाही. गंमत म्हणून बी नाही. चूक माही हाये."

स्वतः उभा केलेला ग्रुप त्यांनी असा सोडला. पुढच्या मीटिंगांना शोभाताई गेल्या. युनूसभाई साधे मेंबर म्हणून राहिले, मेसेज तपासत.

मला राग आला होता, खूप. शोभाताईंचा नाही, त्यांनी पंचायतीची रीतच पाळली. पण नेमका तोच फोटो, नेमका आमच्याच ग्रुपवर कसा पोचला? कुठंतरी पाणी मुरत होतं. मी तसं लिहायला निघालो तर युनूसभाईंनी अडवलं. "पुरावा हाये? नाही तं संशय म्हणून लिही, खरं म्हणून नोको."

लिहिलं युनूसभाई, आज. संशय म्हणूनच.

मागच्या आठवड्यात शोभाताई आणि मी यवतमाळच्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांचा आवाज गेला होता. अंगावर छातीपर्यंत ब्लँकेट. मी ब्लँकेटखाली हात घालून त्यांचा हात धरला.

त्यांनी मान हलवली. नाही.

दुसऱ्या हातानं हळूहळू ब्लँकेट बाजूला सारलं. बराच वेळ लागला, पण मला मदत करू दिली नाही. आमचे हात उघडे पडले, समोरच्या शोभाताईंना दिसतील असे. मग कुठं त्यांनी माझा हात घट्ट धरला.

बघत होते मात्र शोभाताईंकडे.

"दिसलं, भाऊ," शोभाताई म्हणाल्या. "दिसलं मले."

युनूसभाई, बातमी तपासली. खरी निघाली.

पंचायतीचा अखेरचा सलाम.