मगदूम आण्णांची बागेतली पंगत

श्रेणिक आण्णा मगदुमांनी बायकोला बागेत सोडून दिलं, ही बातमी शाहूपुरीत कुणी आणली याबद्दल वाद नाही. गणपतरावांनी आणली. गणपतराव रिटायर झाल्यापासून महावीर गार्डनला फिरायला जातात. फिरतात कमी, बसतात जास्त, आणि त्यांच्या पोटात एक वेळ गोड चहा टिकेल, बातमी टिकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलेल्यांना दुधाबरोबर ती मिळाली.

"म्हातारीला चटईवर बसवलं, पुढ्यात डबा ठेवला आणि म्हातारा पसार. डोळ्यानं बघितलंय मी."

"सोडूनच द्यायची हुती तर डबा कशाला ठेवला?" कुणीतरी विचारलं.

"जैनाचा माणूस हाय. उपाशी सोडंल व्हय?"

एवढं बोलल्यावर कोण शंका घेणार? दुपारपर्यंत बातमीला सून फुटली, संध्याकाळपर्यंत वृद्धाश्रमाचा फॉर्मसुद्धा भरून झाला.

तर हे आण्णा. शाहूपुरीत त्यांचं शेतीपंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. शिरोळकडचे बागायतदार मोटर जळाली की आधी आण्णांना दोन शिव्या हासडायचे आणि मग सामान न्यायचे. आण्णा शिव्यांना हसायचे, पण मालाचा भाव काही उतरवायचे नाहीत. दुकानात मात्र भरपूर बोलून घ्यायचे, कारण घरात बोलणं हे खातं अक्काताईंकडं होतं. अक्काताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, एका हाकेत चार घरं गप्प करायच्या.

मगदुमांच्या घरात दिवस मावळला की जेवण बंद, पिढ्यान् पिढ्यांचा नेम. दुकानाच्या सुट्टीला डबा घेऊन सगळी बागेत जायची आणि उजेड आहे तोवर जेवून घ्यायची. थोरला अभिनंदन झोपाळ्यावरून उतरायचा नाही, धाकटी ऐश्वर्या घसरगुंडीखाली दडून बसायची. अक्काताई हातात घास घेऊन, एक डोळा पोरांवर आणि एक झाडामागं कलत्या सूर्यावर ठेवून बागभर फिरायच्या. पोरं जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. तो काही कुठल्या मुनीमहाराजांनी दिलेला नव्हता, त्यांनीच स्वतःला लावून घेतला होता. कित्येकदा पोरांचं आटपेपर्यंत दिवस बुडायचा आणि त्या तशाच डबा झाकून उठायच्या.

आता अक्काताईंच्या डोक्यातलं सगळं पुसत चाललंय. आण्णांचं नाव गेलं. आण्णा कधी दुकानातला नोकर असतात, कधी धाकटा दीर. राहिले ते फक्त दोन नेम.

रोज संध्याकाळी ताट वाढलं की त्या विचारतात, "पोरं जेवली?"

"जेवली की."

"कुठं हाईत?"

"शाळंत."

"सांजच्याला कसली शाळा?"

आण्णांना वाटायचं, देवानं सगळं काढून नेलं, मग एवढी एक अक्कल कशाला ठेवली? खिडकीतला उजेड जायचा, ताट तसंच राहायचं, आणि त्यानंतर घास पुढं केला तर अक्काताई दात घट्ट मिटून म्हणायच्या, "रात झालीया." सकाळी 'शाळेत' म्हटलेलं चालायचं, तेवढे दोन घास, त्यावर दिवस. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कसंही करा, पण पोटात गेलं पाहिजे, नाहीतर ह्या फार काळ काढायच्या नाहीत.

एकदा ताट ढकलताना अक्काताई म्हणाल्या, "पोरं बागेत असतील. झोपाळा सोडतात व्हय ती?"

आण्णांनी ते धरलं. पोरांना बागेत आणायचं, चटईवर बसवायचं आणि तिच्या डोळ्यांदेखत जेवू घालायचं. मग ही जेवेल. अभिनंदन पुण्याला कंपनीत, ऐश्वर्या जयसिंगपूरला संसारात. दोघांचे केस पिकायला लागलेत, पण आईला ओळखायला वेळ लागला तरी हातातला घास ओळखेल, असा आण्णांचा हिशेब.

मोबाईलवर ग्रुप निघाला, नाव 'आईची बाग'. आणि एका रविवारच्या दोन तासांसाठी अशी खलबतं सुरू झाली की लग्नाची बैठक बरी. गाडी कुठं लावायची, ऊन किती असेल, नातवाचा क्लास बुडेल काय. अभिनंदननं सुचवलं, त्यापेक्षा गगनबावड्याला रिसॉर्ट बघू का, आईला हवापालट होईल.

आण्णांनी फोन केला. "तुझी आई रिसॉर्ट वळखत न्हाई, बाळा. बाग वळखती."

शेवटी रविवार ठरला. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे उठले आणि आण्णांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग ते रोज संध्याकाळी बागेत जाऊन जागा बघायला लागले. ऊन सगळ्यात शेवटी कुठून उठतं, ते त्यांना हवं होतं. ह्या बाकावर बस, त्या झाडाखाली उभा राहा. माळी म्हणाला, "आण्णा, प्लॉट घेताय काय?"

"परवडत असला तर सांग की," आण्णा म्हणाले. त्या आठवड्यात त्यांना अशी थट्टा सुचत होती.

रविवारी स्वयंपाक त्यांनीच केला. दशम्या अशा वाकड्यातिकड्या लाटल्या की अक्काताई पूर्वीच्या असत्या तर त्यांचं बोलणं ऐकायला गल्ली गोळा झाली असती. मुगाची उसळ, दहीभात, पोरांसाठी दोन ताटल्या वेगळ्या. रिक्षातून उतरून आत गेले, आणि झोपाळे दिसल्याबरोबर अक्काताई थांबल्या.

"अभ्या, उतर खाली," त्यांनी जुन्या आवाजात हाक दिली. झोपाळ्यावरचं कुणाचं तरी पोर दचकून उतरलं.

आण्णा लगबगीनं ठरवलेल्या जागेकडं गेले. चटई घातली. अक्काताईंनी पदर खोचला, डबा आपल्याकडं ओढला आणि भात कालवायला घेतला. कितीतरी महिन्यांनी तो हात अन्नात गेला होता.

तेवढ्यात ग्रुपवर अभिनंदनचा निरोप आला. अचानक काम निघालंय, निघताच आलं नाही, पुढच्या रविवारी नक्की. त्यापाठोपाठ ऐश्वर्याचा फोन.

"आण्णा, दादा येत न्हाई म्हणं. मग मी एकटी येऊन काय करू? आईला दोघं दिसली पायजेत, तुम्हीच म्हणालता की. पुढच्या रविवारी येतो सगळी."

"आत्ता निघालीस तर..."

"दिवस मावळायच्या आत पोचत न्हाई हो मी."

हे खरं होतं. आण्णा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

अक्काताईंच्या हातात घास तयार होता. "पोरं कुठं?"

"हितंच हाईत. बस तू, घेऊन येतो."

"लवकर आणा. दिवस चाललाय."

आण्णा फाटकाबाहेर आले. जोतीरामच्या भेळगाड्यापाशी एक मध्यमवयीन गृहस्थ उभे होते.

"पावणं, जरा आत येता? चार घास खायाचे."

"कशाबद्दल?"

"आमच्या मंडळींपुढं. मुलगा म्हणून."

गृहस्थांनी मोबाईल या खिशातून त्या खिशात घातला. "न्हाई, जेवलोय मी."

जोतीराम मान खाली घालून कांदा चिरत होता. "मी आलो असतो आण्णा, पर ह्या टायमाला गाडा सोडता येतोय व्हय?"

पुढं एक तरुण जोडपं होतं. आण्णांचं ऐकून पोरीनं आजूबाजूला बघितलं. "रील करताय का आजोबा? कॅमेरा कुठाय?" दोघं हसत निघून गेली. एका बाईनं आपल्या मुलाचं मनगट धरून त्याला जवळ ओढलं. समोरच्या इमारतीच्या काचांवरचं तांबडं ऊन वर वर सरकत होतं. आण्णा त्याच्याकडं बघत रस्ता ओलांडत होते, एकाला, दुसऱ्याला हात करत होते, आणि माणसं दुरूनच बाजूला होत होती.

ते परत आले तेव्हा चटईवर ऊन नव्हतं. भोवती माणसं जमली होती आणि मधोमध गणपतराव.

"मगदूम, बायकोला टाकून जातात व्हय असं? 'हितं बसवून गेले' म्हणून रडत हुती बिचारी."

आण्णा माणसांतून वाट काढत चटईवर बसले. अक्काताईंच्या बोटांना भात वाळला होता.

"पोरं?"

"जेवली."

अक्काताईंनी आभाळाकडं पाहिलं. "रात झाली," त्या म्हणाल्या. हातातला घास डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

श्रेणिक आण्णांनी बायकोला बागेत सोडून दिलं नव्हतं. मुलगा म्हणून जेवायला बसेल असं कुणी मिळतंय का, ते बघायला ते बाहेर गेले होते. कुणी मिळालं नाही.