दोन शब्द आहेत, कारण दोन गोष्टी आहेत

समोरच्याचा कागद तो चिमटीत धरायचा, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा. मग टेबलावर टाकून म्हणायचा, "दोन शब्द आहेत, कारण दोन गोष्टी आहेत." एवढं ऐकलं की खोलीत सगळ्यांना कळायचं, आज कोणाचा तरी दिवस नासला.

त्याला मी 'ते' म्हणणार नाही. समोर साहेब म्हणायचो, तेवढं पुरे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला कळेल.

जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात आम्ही पत्रव्यवहार सांभाळायचो आणि तो आमचा प्रमुख होता. रावेरकडच्या केळीवाल्या घरातला. भावांनी शेती धरली, याने इंग्रजी धरलं, आणि ते आमच्यावर उगारायला जपून ठेवलं. माझं पहिलंच पत्र त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तुमच्यासारखं गिऱ्हाईक आम्हाला गमवायचं नाही, असं मला म्हणायचं होतं. 'लूझ'मध्ये माझ्याकडून एक 'ओ' जास्त पडला होता.

"हे म्हणतात, गिऱ्हाईक सैल सोडायचं नाही," तो म्हणाला. "कुठे बांधून ठेवलंय ते?"

सगळे हसले. न हसणाऱ्याचं पत्र तो पुढे वाचेल, हे त्यांना ठाऊक होतं.

यावर तुम्हीही हसाल. पण वैशालीताईंचं ऐका. त्या पाचोऱ्याहून रेल्वेने यायच्या. त्यांचे वडील गेले, तेराव्यानंतर त्या कामावर आल्या आणि रजेचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. 'माय फादर एक्स्पायर्ड', असं त्यात होतं. आपल्याकडे सगळे तसंच लिहितात. त्याने अर्ज परत सरकवला.

"औषध एक्स्पायर होतं. माणूस मरतो. डाइड लिहा."

ताईंनी तिथेच उभ्याने शब्द खोडला आणि दुसरा लिहिला. त्यानंतर त्या त्याच्याशी कधी बोलल्या नाहीत. फाइल ठेवायच्या, वळायच्या. याचं त्याला काही वाटत होतं का, कोण जाणे. आम्ही डबा एकत्र खायचो. त्याला कोणी बोलवत नसे आणि तोही येत नसे.

मग पाइप कापायच्या यंत्रावर एका कामगाराची दोन बोटं गेली. धुळ्याकडच्या खेड्यातला पोरगा, नुकतंच लग्न झालेला. यंत्रावरची संरक्षक जाळी काम भराभर व्हावं म्हणून काढून ठेवली होती, आणि ते वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. सरकारी कार्यालयाला कळवणं भाग होतं. मॅनेजर स्वतः आमच्या खोलीत आले. पत्रात ॲक्सिडेंट नको, इन्सिडेंट लिहा, असं त्यांनी सांगितलं. ॲक्सिडेंट म्हटलं की चौकशी आली, भरपाई आली. इन्सिडेंट कसा, सौम्य शब्द.

तो खुर्चीतून उठलाही नाही. म्हणाला, "इन्सिडेंट म्हणजे काहीतरी घडलं. वीज गेली, कुत्रं आत शिरलं. इथे बोटं गेलीत."

"बरं, मग ॲक्सिडेंट लिहा," मॅनेजर वैतागून म्हणाले.

"तोही बसत नाही. जे कोणाच्या हातात नव्हतं, तो ॲक्सिडेंट. जाळी आपण काढली होती. याला नेग्लिजन्स म्हणतात."

तुमच्या इंग्रजीचा तास इथे नको, असं म्हणून मॅनेजर निघून गेले. त्याने मात्र तोच शब्द घालून ईमेल पाठवला, खाली आपलं नाव टाकून, कोणालाही न दाखवता. चौकशीचे अधिकारी दारात आले तेव्हा मॅनेजरांना कळलं. जाळी परत बसली आणि पोराला भरपाई मिळाली.

आणि याला जायला सांगितलं. राजीनामा द्या, चांगला दाखला देतो, असा निरोप आला. कोणत्याही शहाण्या माणसाने सही केली असती. हा मॅनेजरच्या केबिनमध्ये, आम्हाला बाहेर ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "रिझाइन माणूस स्वतः करतो, टर्मिनेट कंपनी करते. मी रिझाइन करत नाहीये. जे करताय ते लिहा." त्यांनी लिहिलं. तो कागद दाखवून जळगावात त्याला कोण नोकरी देणार होतं?

शेवटच्या दिवशी आम्ही काहीजण गेटपर्यंत गेलो. खरं सांगतो, प्रेमाने नाही. जातोय हे डोळ्यांनी बघायला. वैशालीताई खोलीतच बसून राहिल्या. गेटवर त्या पोराचे वडील उभे होते, हातात भुईमुगाच्या शेंगांची कापडी पिशवी.

"साहेब, आमनी बाजू लिखनारा एक तुम्हीच शेतस," म्हातारा अहिराणीत म्हणाला. "घरन्या शेंगा शेतस."

"तुमच्यासाठी नाही लिहिलं," तो म्हणाला. "चुकीचा शब्द जात होता."

इतकं तोडून बोलायची गरज नव्हती. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. पण खानदेशी म्हातारा तो. पिशवी घेऊन परत जाणं त्याच्याने होईना. त्याने ती स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत ठेवली, हात जोडले आणि बस गाठायला निघाला.

हा पिशवीकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता उचलून गेटवरच्या वॉचमनला देईल. त्याने हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली. पिशवी एका बाजूला कलली, तशी त्याने वाकून ती सरळ केली, दोन्ही पावलांमध्ये घट्ट धरली आणि खड्डे चुकवत, अगदी सावकाश, महामार्गाकडे निघून गेला.