फिट आला!

ऋषभ बाथरूममध्ये जरा जास्त वेळ रेंगाळला की त्याची आई विनीता हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहायची. कडी लावू नकोस म्हटलं की तो चिडायचा, म्हणून तिने सांगणं सोडलं होतं. पण आतलं पाणी थांबलं की तिचा जीव टांगणीला लागायचा.

बारावीत असताना त्याला जेवता जेवता पहिली फिट आली. तेव्हापासून तिकडे उत्तरेत, जानकीपुरमच्या त्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'तो त्रास' म्हणत. बाहेर मात्र तो शब्द पाठ सोडत नव्हता. "भाभीजी, पंखा फिट कर दिया." "पैंट एकदम फिट है." कोपऱ्यावरचा पानवाला तर रोज विचारायचा, "और ऋषभ बाबू, सब फिट?"

"एकदम फिट, भैया!" ऋषभ हसून म्हणायचा.

मुलगा तसा गोड. मराठी सगळं समजायचं, उत्तर बहुधा हिंदीत. इंजिनांचं वेड लहानपणापासून. मित्र सिनेमाला, तर हा आलमबागच्या पुलावर, डिझेलचा धूर बघत. पॉलिटेक्निक झालं आणि रेल्वेच्या डिझेल असिस्टंटची, म्हणजे इंजिनड्रायव्हरच्या मदतनिसाची, लेखी परीक्षाही तो पास झाला. राहिली फक्त मेडिकल. तिथे तो खरं सांगेल, साहेब दुसरं काही काम देतील, अशी विनीताने मनाची समजूत घातली होती.

मेडिकलच्या दिवशी दुपारी फोन खणखणला. ऋषभचा मित्र होता. लाइनवर नुसती खरखर.

"आंटीजी, ऋषभ... मेडिकल में... फिट आ..."

फोन कटला.

तिने हुंगवायला कांदा घेतला, पर्समध्ये कोंबला, पायात दोन वेगवेगळ्या चपला सरकवल्या आणि रिक्षासाठी धावली. गल्लीच्या तोंडाशीच ऋषभ समोरून आला. हातात मिठाईचा डबा.

"आई! कहाँ भागी जा रही हो?"

"फिट आली ना तुला?"

"आली नाही गं, आला!" तो खो खो हसला. "मैं फिट आया हूँ. पास!"

तिला रस्त्यातच रडू कोसळलं. घरी येऊन पाणी प्यायल्यावर तिने विचारलं, "डॉक्टरांनी काही विचारलं नाही?"

"पूछा ना. कभी फिट-विट आता है? मैंने कहा, सर, मैं तो हमेशा फिट! वो भी हँस दिए."

विनीता हसली नाही.

"होळीनंतर एकदाही नाही आली, आई. गोळ्या घेतो ना मी."

"आणि इंजिनवर आली तर?"

"साथ में ड्राइवर रहता है."

"त्याला सांगशील?"

ऋषभ डब्याची दोरी सोडवू लागला.

"मागे डब्यांत बसलेल्यांना?"

"तुम मेरी माँ हो कि उनकी?" त्याने डबा टेबलावर आपटला. "किसी से कहा तो मैं घर छोड़ दूँगा. सच कह रहा हूँ."

तो खरं बोलत होता, हे तिला कळत होतं. नवरा चारुदत्त मलिहाबादला, बँकेच्या शाखेत. संध्याकाळी येऊन ते म्हणणार, बघू, उद्या बोलू. आणि उद्या कोण बोलणार?

"तू सांगतोस की मी सांगू?"

त्याच्या खोलीचं दार धाडकन लागलं, मागोमाग कडी.

विनीता क्षणभर त्या दाराकडे बघत राहिली. मग तिने रिसीव्हर उचलला, टेलिफोन चौकशीच्या बाईकडून रेल्वे हॉस्पिटलचा नंबर घेतला आणि फिरवायला सुरुवात केली.