मासा आला असता

हळदीची कढई उतरायच्या बेतात होती तेव्हा लिंबाजीच्या सुनेचा फोन आला. आमच्या कुरुंद्यात त्या दिवसांत जिकडेतिकडे हळद शिजत असते, वाफेत चार हातांवरचा माणूस दिसत नाही. ती एवढंच म्हणाली, "मामा, आबा गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" आणि विचारता विचारताच समजलं. कढईखालचा जाळ ओढला, शिजलेली हळद उपसून घेतली आणि मगच निघालो. हातातलं काम अर्धवट टाकून आलेलं लिंबाजीला चाललं नसतं. आता कुणाला चालतं न चालतं, ते विचारायची गरज राहिली नाही.

त्याच्या आधीच्या बाजारच्या दिवशी मी त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. खाटेच्या माचव्याला बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू बांधलेलं होतं. पाणी हवं असलं की तो ते हलवायचा आणि सून यायची. मी नेहमीसारखी सुरुवात केली, "लिंब्या, तवा दोर कापला नसता तर मासा आला असता." तो म्हणाला, "मासा आला असता रे..." आणि त्याला खोकला लागला. पुढचं बोलता आलं नाही, नुसता हात हलवला. मी म्हटलं, "मानलं बघ शेवटी!" तो हसला. वाक्य तसंच अर्धं राहिलं. उरलेलं अर्धं काय, हे समजायला तो मासा सांगावा लागेल.

आम्ही विहिरी खोदणारे. खाली लिंबाजी, वर मी. तो दगड फोडायचा, सुरुंगाची वात तोच कापायचा, आणि मी गाळाची पाटी वर ओढायचो. वरच्या माणसानं दोर कमरेला एक वेढा देऊन धरायचा, ही आमची रीत. हात सुटला तरी कंबर सुटत नाही. खाली माणूस असतो. उन्हाळ्याच्या पुढं काम नसलं की आम्ही धरणाच्या काठाला गळ टाकून बसायचो. दोर खुंटीला बांधायचा, खुंटीला तेच घुंगरू, आणि आपण झाडाखाली पडून राहायचं. घुंगरू वाजलं की शिवडा लागला. एकेक शिवडा लेकरापेक्षा लांब. लिंबाजीला मासे खायची आवड नव्हती, धरायचीच होती. धरलेला मला देऊन मोकळा व्हायचा.

आमच्या मिशा काळ्या होत्या तेव्हाची गोष्ट. मुकादमानं आम्हाला कोकणात एका धक्क्याच्या कामावर नेलं, दगड फोडायला. समुद्र कोणी पाहिला होता? लिंबाजीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "मारत्या, येवढं पाणी आन् एक वाफा भिजवायच्या कामाचं न्हाई. शिरीमंताचं घर म्हण की!" पहिल्या सुट्टीला आम्ही धरणावर ठोकतो तशी पाण्याच्या काठाला खुंटी ठोकली, घुंगरू बांधलं आणि सुरूच्या झाडाखाली भाकरी सोडून बसलो. जेवण होईतो पाणी खुंटीवर चढलेलं. आभाळ कोरडं, आणि पाणी तर वाढून राहिलेलं. आमच्याकडं असं एकाच कारणानं होतं. लिंबाजी उठून ओरडला, "धरण सोडलं! पळ!" आम्ही दोघं धावत झोपड्यांपाशी गेलो, बायका-लेकरांना टेकडीवर चढा म्हणून सांगत सुटलो. दोन घरांनी खरंच गाठोडी बांधली. शेवटी एक मासेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे घाट्यांनो, ही भरती. रोज येते. तुमच्या बापानं सोडली नाय ती." पुढं धक्क्यावर आम्हाला सगळे 'धरणवाले' म्हणत. मी चिडायचो. लिंबाजी 'ओ' द्यायचा.

संध्याकाळी पाणी मागं गेलं तेव्हा खुंटी होती तिथंच उभी होती. घुंगराला शेवाळ लागलेलं, तेवढंच.

मग आम्ही शिकलो. वाळू सोडून खडकावर बसायला लागलो. छिन्न्यांना धार लावणाऱ्या लोहाराकडून बोटाएवढा जाड गळ करून घेतला. त्या मासेवालीनंच सांगितलं, दोराच्या टोकाला तार लावा, नाहीतर मुशी दात मारून नेईल. मुशी म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं. माझी नात म्हणते, "आजोबा, शार्क लिहा, लोकांना कळतं." मी मुशीच लिहिणार. ज्या बाईनं नाव सांगितलं तिनं मुशी सांगितलं.

सूर्य बुडायला आला होता. सुरमईचं डोकं गळाला लावलेलं. घुंगरू असं वाजलं, की बैल उधळावा. दोर मी उचलला. शिवडा झटके मारतो. हे तसं नव्हतं. हे नुसतं चालू लागलं, गाडा उताराला लागतो तसं. मी दोर कमरेला घेतला. लिंबाजीनं माझ्यामागं धरला. किती वेळ ओढलं ते सांगता येत नाही, तळहाताची सालं निघाली. मग लाट मागं सरली आणि खडकाच्या खाली, गुडघाभर पाण्यात, मासा आडवा दिसला. आमच्या खाटेहून लांब. पाठीवर नांगराच्या फाळासारखा पर. डोळा काळा, त्यात काहीच नाही... राग पण नाही. लिंबाजी खाली उतरला. "हाय बग, हाय!" म्हणत त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. कानस असते तसं कातडं. तळहातातून रक्त आलं. तेवढ्यात पुढची लाट आली, मासा वळला आणि दोर ताणला. वेढा माझ्या कमरेत रुतला. मी खडकावरून खाली, मग छातीएवढ्या पाण्यात. लिंबाजी ओरडत होता, "सोड! मारत्या, सोड!" दोर सोडायचा असतो हे मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं वात कापायची सुरी काढली आणि दोर कापला.

मी वर आलो, खारं पाणी ओकलो, आणि पहिलं वाक्य बोललो ते हे, "काहून कापला? मासा आला असता!" तो सुरी धोतराला पुसत म्हणाला, "मासा आला असता रे. तू आला नसता."

गावात परत आल्यावर कुणाला खरं वाटलं नाही. हिंगोलीतल्या माणसानं मुशी धरली म्हटल्यावर हसणारच. कमरेला दोराचा वळ होता, तो दाखवायचो. म्हातारपणी कातडं सुरकुतलं, त्यात तो वळ कुठं गेला कळत नाही. पण लिंबाजी होता. हॉटेलात कुणी टवाळी केली की मी म्हणायचो, "इचारा लिंबाजीला." तो चहाचा घोट घेऊन म्हणायचा, "व्हता. मी हात लावला." तेवढंच. मग आमचं सुरू व्हायचं. आला असता, तू आला नसता. लोक उठून जायचे, आमचं चालूच. मी कधी हरलो नाही. आजही म्हणतो, लिंबाजीनं दमानं घेतलं असतं तर मासा आला असता.

विहारात पुण्यानुमोदन झालं. फोटोला हार घातला. कष्टाळू, मनमिळाऊ, असं दोघं-तिघं बोलले. खरंच होतं ते, पण असं तर कुणाबद्दलही म्हणता येतं. मी बोलायला उठलो तेव्हा मागून आवाज आला, "मारोतराव, आज मुशी राहू द्या." लोक गालातल्या गालात हसले. इचारा लिंबाजीला, असं माझ्या ओठावर आलं... आणि फोटोकडं पाहून मी खाली बसलो. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस मी, तरी हे लिहायला घेतलं ते त्या दिवसामुळं. लिंबाजीनं समुद्रात मुशीच्या पाठीवर हात ठेवला होता. मी पाहिलं. आता पाहिलेला मी एकटाच.

परवा त्याच्या घरी गेलो. खाट भिंतीला उभी केलेली. मी ओट्यावर बसलो आणि सवयीनं म्हणून गेलो, "मासा आला असता." आत सून पीठ मळत होती. तिथूनच म्हणाली, "मासा आला असता मामा, तुमी आले नसते." चांगली पोरगी आहे. इतकी वर्षं ऐकून तिला पाठ झालेलं. शब्द बराबर होते, ठेका पण बराबर. पण तिनं मासा पाहिला नव्हता. मला भांडता आलं नाही.

निघताना तिनं घुंगरू सोडून माझ्या हातात दिलं. मी ते माझ्या खाटेच्या माचव्याला बांधलंय. घरातली माणसं म्हणतात, पाणी लागलं तर वाजवत जा. मी वाजवत नाही. ते आपणहून वाजायचं असतं, आणि वाजलं की दोघांनी उठायचं असतं.