गोजाबाईनं फासलेली काजळी

गोजाबाईचं घर माळशिरसच्या माळावर, आमच्या वस्तीत. घर म्हणजे पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा बिरप्पा मेंढरं घेऊन निघतात, ते मिरगाच्या तोंडाला परततात. तोवर दाराला कुलूप. रोज नवं रान आणि तीन दगडांची नवी चूल.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं वस्तीत घरटी एक पत्र्याची चूल फुकट वाटली. लाकूड कमी, धूर कमी, असं सांगितलं. गोजाबाईनं भाकरी टाकली. पण तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्याला उभी करायची, तर चुलीचं तोंड मुठीएवढं. भाकरी फुगलीच नाही. बिरप्पा म्हणाला, "चामडं भाजलंस व्हय गं?" त्या दिवसापासून चुलीच्या वरच्या खळग्यात कोंबडी अंडी घालायला लागली.

मग तपासणीचा निरोप आला. तेव्हा आमच्या बायांनी जे केलं, ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. तव्याची काजळी खरवडून सगळ्यांनी त्या कोऱ्या चुलींना फासली! का, तर देणाऱ्याचं मन मोडू नये. आहेराचं लुगडं आवडलं नाही, तरी देणारा दारात आला की नेसायचं, ही आमची रीत. कंपनीच्या साहेबानं येऊन काळ्या चुलींचे फोटो काढले, चहा प्याला, गेला.

त्या फोटोंचं पुढं काय झालं ते मी मोबाईलवर, इंग्रजीशी कुस्ती खेळत शोधून काढलं. आमच्या चुलींनी 'वाचवलेल्या' धुराचे कार्बन क्रेडिट, म्हणजे तेवढा धूर सोडायचे विकाऊ परवाने, झाले आणि ते परदेशातल्या एका सिमेंटवाल्यानं विकत घेतले. आता तो तेवढा धूर खुशाल सोडतो, वर हवामान वाचवल्याची जाहिरात करतो. इथला धूर तेवढाच, तिथला धूर तेवढाच, कमी झाला तो कागदावर. मोठी माणसं याला धोरण म्हणतात. मी चोरी म्हणतो.

गोजाबाईला सांगितलं तर ती थिजली. "म्हंजी माज्या काजळीवर त्यो तिकडं धूर काडतोय?"

"व्हय मामी."

धुरानं ऊन वाढतं, हेही सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तिची गाभण मेंढी उन्हानं चालता चालता कोसळली होती.

यंदा श्रावणात साहेब परत आला. या खेपेला कागदावर अंगठा पाहिजे होता: 'ही चूल मी वर्षभर, रोज दोन वेळा वापरते.' वस्तीतल्या सगळ्यांनी अंगठे दिले तर कंपनी मेंढरांसाठी हौद बांधणार. पाऊस दडी मारतो तेव्हा आमची मेंढरं दोन कोस पाण्याला जातात. बिरप्पानं तर दगड मांडून हौदाची जागाही आखली होती.

"आजी, सगळ्यांनी अंगठे दिलेत. तुमचाच राहिलाय."

"बसा की. भाकरी खाऊन जावा."

कोंबडीला हाकलून तिनं पत्र्याची चूल पेटवली. भाकरी भाजून साहेबापुढं ठेवली. साहेब चावतोय, चावतोय.

"असली भाकरी दोन येळा खातो व्हय आमी? आन् दिवाळीपास्नं घराला कुलूप. मग चूल कोन पेटवतंय, उंदरं?"

साहेबानं घास गिळला, मोबाईल काढला आणि पेटत्या चुलीचा फोटो घेतला. "चालू आहे की चूल!"

माझा हात साहेबावर उठलाच होता. गोजाबाईनं मला मागं ढकललं आणि पाण्याचा तांब्या चुलीत रिकामा केला. साहेब खोकत उठला.

"आता काड फोटू. अंगठा न्हाय मिळायचा." पदरात धरून तिनं ती चूल साहेबाच्या जीपमध्ये नेऊन ठेवली.

हौद गेला. शेजारची केराबाई तोंडावर म्हणाली, "तुज्या ताठ्यापायी मेंढरं तानेली राहत्यात." बिरप्पानं आखणीचे दगड उचलले, त्यातले तीन गोजाबाईनं चुलीला मागून घेतले. सकाळी ती मेंढरं घेऊन दोन कोसांवर पाण्याला निघाली.

आठ दिवसांनी केराबाई माझ्या दारात उभी. म्हणाली, "त्या खोट्या कागदावर दिलेला अंगठा माघारी घेता येतो का रं?"

"येतो का ते बघू. चला तालुक्याला."

ती एकटी नव्हती. मागं आणखी चौघीजणी होत्या.