इंकांची दुसरी तुकडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये इंकांचा जो पराभव झाला, तो मी केला. स्पॅनिश सैन्याचा त्यात काही हात नव्हता. आणि ज्यांना मी हरवलं, त्यांच्याइतका निरुपद्रवी सेनापती जगाच्या पाठीवर झाला नसेल. हे सेनापती म्हणजे माझ्या बायकोचे मामा.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मामी गेल्यावर वेस्ट विंडसरला मुलीकडे राहायला आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात लायब्ररीतल्या एका चित्रांच्या पुस्तकात त्यांना इंकांचे डोंगरातले कालवे दिसले. सिमेंट नाही, लोखंड नाही आणि गळती नाही. कालवा का गळतो याची उत्तरं वरिष्ठांना लिहिण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसावर याचा काय परिणाम झाला असेल, ते समजून घ्या. असे कालवे बांधणारी माणसं मूठभर स्पॅनिशांकडून हरली, हे मामांनी साफ नामंजूर केलं. पुढे वाचलं तर इंकांनी उठावही केला होता. राजधानीला महिनोन्‌महिने वेढा घातला होता, पण पेरणीचे दिवस आले तसे शेतकरी-सैनिक घरोघर परतू लागले आणि वेढा ढिला पडला. इथे मामांनी चष्मा काढला. “तोफांनी नाही हरले,” ते मला म्हणाले, “हजेरीपटानं हरले. निम्मे पेरणीला, निम्मे वेढ्यावर, पंधरवड्यानं अदलाबदल. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं सोडतो ना, तसं. माझ्या हाताखालच्या कारकुनानं हा उठाव जिंकून दिला असता.” आणि त्या दिवसापासून मामांनी तो जिंकला.

जिंकला तो जिंकलाच. मग शंभर पानी वह्यांमधून ते राज्य आजच्या दिवसापर्यंत चालत आलं. मामांच्या तोंडी ‘आमच्याकडे’ म्हणजे पूर्वी सांगली असायचं, ते आता इंकांचं राज्य झालं. एकदा हिमवादळात आम्ही सगळे टर्नपाइक हायवेवर गाडीत तीन तास अडकलो, तर मागच्या सीटवरून शांत आवाज आला, “आमच्याकडे दर मुक्कामाला कोठार असतं. धान्य, घोंगड्या, सगळं.” एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीला ते आधी हात जोडायचे. “बटाटा त्यांचा, दाणे त्यांचे, मिरची त्यांची, साबुदाण्याचा कंदसुद्धा त्यांच्याच बाजूचा. आपला फक्त उपास.” इंका नोंदी ठेवायला दोरीला गाठी मारत असं कळल्यावर बीपीच्या गोळ्यांची नोंद गाठींनी ठेवायला लागले, आणि हाताशी दुसरी दोरी नव्हती म्हणून एक आठवडा पायजम्याच्या नाडीलाच ठेवली. त्या आठवड्याचा शेवट कात्रीनं करावा लागला. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची परीक्षा घेताना विचारलं, सध्या देशाचे प्रमुख कोण? मामांनी उलट विचारलं, “कुठल्या देशाचे? जो आहे त्याचे, की जो व्हायला हवा होता त्याचे?” डॉक्टर बराच वेळ काहीतरी टाइप करत होते.

गणेशोत्सवात मंडळाला बालनाट्य हवं होतं, ते अर्थातच मामांनी लिहिलं. इथंच जन्मलेली चौदा मुलं, आणि राजाच्या भूमिकेत मामांची अकरा वर्षांची नात. सहा आठवडे मुलीच्या बेसमेंटमध्ये तालमी चालल्या. “आजोबा, आर वुई द गुड गाइज?” असं एकानं विचारल्यावर मामा म्हणाले, “आपण शेतकरी आहोत. बाकीचं लोक ठरवतील.” शेवटचा प्रवेश त्यांनी जीव ओतून बसवला होता. सैनिक पेरणीला निघून जातात, राजा एकटा उरतो, क्षणभर सगळं संपल्यासारखं वाटतं, आणि मग दुसरी तुकडी पेरणी उरकून, डोक्यावर बटाट्यांच्या टोपल्या घेऊन वेढ्यावर हजर होते.

त्या दिवशी कार्यक्रम-प्रमुख मी होतो. नेहमीप्रमाणे आम्ही सव्वा तास मागे होतो. भोजन समितीच्या काकू विंगेत आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “पुऱ्यांचं चामडं झालंय रे. पाचशे माणूस उपाशी बसलंय. तुझे इंका घालणार आहेत का जेवायला?” स्टेजवर राजा म्हणाला, “माझे सैनिक पेरणीला गेले.” आणि मी पडद्याचं बटण दाबलं.

टाळ्या छान पडल्या. एक गृहस्थ मला म्हणाले, शेवट फार धाडसी होता. समोरच्या विंगेत सात मुलं डोक्यावर टोपल्या घेऊन उभी होती, आणि त्यांच्यामागे मामा, इशारा द्यायला हात वर केलेले. तो हात त्यांनी लगेच खाली घेतला नाही.

“काय झालं रे?” त्यांनी विचारलं.

“पडद्याची मोटर अडकली, मामा.”

आता मोटर अडकली म्हटल्यावर हा माणूस घरी बसतो थोडाच. दोन दिवसांनी शाळेची परवानगी काढून, टॉर्च घेऊन ते स्वतः वर चढून बघून आले आणि थेट माझ्याकडे आले. “मोटर उत्तम आहे,” म्हणाले. “म्हणजे नाटकच वेळेपेक्षा लांबलं असणार, म्हणून पडदा पडला. अंदाज चुकला माझा.” खरं सांगायची याहून चांगली वेळ नव्हती. मी विचारलं, “चहा घेणार?” त्यांनी घेतला.

त्यानंतर वह्या बंद झाल्या. मामा एकादशीची खिचडी मुकाट्यानं खाऊ लागले. गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा बर्फात अडकलो, तेव्हा मी आरशातून दोनतीनदा मागे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांची मुलगी म्हणते, बाबा हल्ली अगदी नॉर्मल झालेत. ते ऐकलं की मी विषय बदलतो.

गेल्या महिन्यात नात एकटीच सायकलवरून आली. “काका, सगळ्यांना वाटतं आम्ही हरलो,” ती म्हणाली. “पण सेकंड बॅच तिथेच उभी होती ना? मग हरलो कसे? वुई जस्ट डिडन्ट एंटर.” तिनं तेरा मुलं परत जमवली आहेत. चौदावा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला गेलाय, पण त्याची आई म्हणते आणते त्याला. मी अजून समितीत आहे, म्हणून स्लॉट मागायला ती माझ्याकडे आली होती. मी नाटक सकाळी पहिलंच ठेवलं, आणि ते संपेपर्यंत पुऱ्या तळायला घ्यायच्या नाहीत असं काकूंकडून कबूल करून घेतलं. कारण विचारलं त्यांनी. मी नाही सांगितलं.

रविवारी बेसमेंटमध्ये गेलो तर मामा मुलांच्या डोक्यांवर टोपल्या ठेवून बघत होते. दोन वर्षांत डोकी मोठी झाली, टोपल्या बसेनात. मग त्यांनी वही उघडली, कोरं पान काढलं, वर ‘टोपल्या, सात, नवीन’ असं लिहिलं आणि मान वर न करता मला म्हणाले, “आमच्याकडे बटाटा यंदा बरा आलाय.” दोन वर्षांनी ऐकलं मी ते. थोड्या वेळानं म्हणाले, “नाटक मी चार मिनिटांनी कापलंय. या वेळी अंदाज चुकायला नको.”

ती चार मिनिटं त्यांनी उगाच कापली आहेत. त्यांचा अंदाज चुकला नव्हता, पडदा मी पाडला, हे मामांना समोर बसून सांगायचं मी देणं लागतो. तालमी संपायच्या आत, म्हणजे कापलेलं परत घालता येईल. अजून सांगितलेलं नाही.