मोटारीत गेलेलं नारळाचं पाणी

नव्या यंत्रासमोर नारळ फोडायचा, एवढीच तेव्हा माझी अक्कल. परवा नातीच्या रोबोटच्या जळक्या तारेचा वास आला आणि गेवराईच्या शाळेत भरलेलं तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आठवलं. लेकीनं आणि तिच्या मैत्रिणींनी टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर खडू उचलणारं यंत्र केलं होतं. नंबर आला तर ते जिल्ह्याला जाणार होतं. परीक्षक जवळ येऊ लागले, तसा माझा पाय एका जागी ठरेना. मी शहाणीनं यंत्राच्या अगदी शेजारी नारळ आपटला! पाणी थेट मोटारीत गेलं, यंत्र चुर्र करून गप्प झालं. पोरी रडकुंडीला आल्या, मी डोळे मिटून देवाला हात जोडले. लेक सेल काढत खेकसली, "आता हात कशाला जोडतीस, आई? पदरानं वारा घाल! आपल्या आधी अजून दोन शाळा हायत."